ब्रह्महृदयाच्या वाटेवरची नाव

समुद्रावरच्या अंधारात माणूस चुकू नये म्हणून ज्याने आकाशात दिवे लावले, त्या परमदयाळू, परमकृपाळू ईश्वराच्या नावाने आरंभ.

मी सिराजुद्दीन बिन कादिर, मांदार किनाऱ्यावरील पंबुसुआंग गावचा वृद्ध धर्मशिक्षक, बुद्धी शाबूत असताना व कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहीत आहे. पत्नी निवर्तली. थोरला मुलगा तामरीन समुद्राने ठेवून घेतला. धाकटा बसरी हाच माझा एकमेव वारस.

एक. घर व नारळीची बाग शास्त्राप्रमाणे बसरीला. शिडीची मोडकी पायरी त्याने आता तरी बसवावी.

दोन. ग्रंथ मशिदीला. त्यांना वाळवी लागल्यास दोष न वाचणाऱ्यांचा.

तीन. लाकूड तासायचा माझा वाकस नावा बांधणाऱ्या काचोने नेला आहे. तो त्यालाच दिला. "उद्या आणून देतो" हे त्याने आता थांबवावे.

चार. माझी शिडाची नाव. मृत्युपत्राने संपत्तीचा तिसरा हिस्साच देता येतो, तोही वारसाला नव्हे. सून वारस नसते. म्हणून ही नाव शीड, डोलकाठी व दोन्ही बाजूंना तोल राखणाऱ्या उलांड्यांसह मी तामरीनची विधवा हद्रा हिला देत आहे. सर्व दाने तिसऱ्या हिश्शात बसतात, हे काझींनी पाहिले आहे.

बसरी ही नाव हॉटेलवाल्याला विकू पाहतो. हॉटेलवाला तिच्यात फुलझाडे लावणार! माझा निर्णय ऐकताच बसरी उसळला, "बाईच्या हाती सुकाणू? वहिनी, वारासुद्धा हसेल!"

हद्राने मागावर झुकलेली मान वर केली नाही. "हसू दे की, भाऊजी. हसला तरी शीड भरेलच."

आमच्या रीतीप्रमाणे नाव पाण्यात लोटताना तिच्या तळाशी बेंबी कोरतात. त्या बेंबीवर ज्याच्या हाताचा तळवा, त्याची नाव. तामरीन तेव्हा दूर होता. तळवा हद्राने ठेवला. बसरी म्हणतो, तो भावाच्या वतीने होता. भाऊ गेला, हक्क गेला. परंतु त्या दिवशी दुआ मी मागितली होती, आणि नाव हद्राचेच घेतले होते.

"एका नावेचा जीव एकच, धनीही एकच," असेही तो म्हणतो. त्यावर एका ताऱ्याची गोष्ट सांगतो. आमचे मासे धरायचे तराफे वायव्येला आहेत, ब्रह्महृदय हा तारा मावळतो तिकडे. ग्रंथांत त्याला अय्यूक म्हणतात. शहरातून आलेल्या गुरुजींनी सांगितले की, तो एक तारा नव्हे: दोन पिवळे महाकाय सूर्य एकमेकांभोवती फिरतात, आणि दूरवर दोन लहान तांबडे तारे त्यांच्याच बंधनात आहेत.

"म्हणजे जन्मभर मी चौघांना एक म्हणत होतो?" मी कुरकुरलो.

हद्रा म्हणाली, "बाबा, वाट तर चुकली नाही ना?"

पाच. वाऱ्याकडच्या उलांडीवर उभे राहून तोल धरणारा नसेल, तर आमची नाव उलटते. ती जागा हद्राने बसरीसाठी राखावी. तो कितीही तंडला, कितीही दूर गेला, तरी ती त्याचीच.

नाव विकू नये. हा माझा अखेरचा शब्द.

पंबुसुआंग, शुक्रवार, १३ शाबान १४४०.
सही: सिराजुद्दीन बिन कादिर
साक्षीदार: काचो बिन हम्मा (वाकस मिळाला), लुकमान बिन यासीन (मशिदीत बांग देणारा मुअज्जिन)
बसरीची सही: (कायद्याने लागत नाही. जागा मोकळी ठेवली आहे.)

हे वाचणाऱ्या प्रत्येकाला अनुकूल वारा लाभो, आणि त्याची वाट पाहणारे कोणीतरी किनाऱ्यावर असो. आमीन.