चाळीस नंबरचा नमुना

म्हैसूर, मंडी मोहल्ला

…आणि शंभूरावांचा डावा हात वर जाईना. उजवा नीट गेला, डावा छातीपाशी अडला, आणि टाळ वाजले ते पोटावर. मी पुढेच बसलो होतो. आधी वाटलं, वय झालं. मग मागच्या वेंकटेशचा हात अडला, मग सगळ्या रांगेचा. आमची अख्खी भजनी मंडळी, रामनवमीचे नवे पांढरे शर्ट घालून, डावा खांदा पाडून, विठ्ठलापुढे एका अंगाला कलून नाचत होती. (नमस्कार, दामोदरराव. तो सगळ्यात वर हवा होता, पण हे आधी सांगितल्याशिवाय पेन पुढे सरकेना. वहिनींचे गुडघे कसे आहेत? ऊस तुटला का?)

शर्ट मीच बेतले. आमची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. चाळीस नंबरचा नमुना मी माझ्याच अंगावर बसवतो, वडीलही तसंच करत. (लाकडी पुतळ्याला काचत नाही, आणि काचलं तरी तो सांगत नाही.) नमुना बसला की त्यावरून कापडाचे थर लावून बाकीचे कापायचे. मोहल्ल्यातले निम्मे पुरुष निदान शर्टापुरते तरी माझ्या मापाचे आहेत. पण दोन वर्षांपूर्वी मानेतल्या कॅन्सरच्या गाठी काढताना खांद्याची शीर गेली, वर किरणं दिली, आणि डावा खांदा दोन बोटं खाली येऊन राहिला. हे मला माहीत आहे. नमुना बसवताना मात्र आठवलं नाही. सुरकुत्या दिसल्या तशा टाचण्या लावत गेलो, डाव्या बाहीचा मुंढा खाली घेत गेलो, आणि शर्ट झकास बसला. शिवला तुंगाने. तिला दिसलं नाही का, असं तुम्ही म्हणाल. बहीण तुमची, तुम्हीच विचारा. ऑपरेशननंतर दुकानातला आरसाही तिनेच जरा तिरका टांगला आहे. त्यात मी सरळ दिसतो, बाकी गिऱ्हाइकं वाकडी दिसतात.

दुखतं म्हणून बोलायचं नाही, असं घरात कुणी ठरवलेलं नाही. पण डॉक्टरांनी रोग गेला म्हटलं आणि तुम्ही सगळ्यांनी पेढे वाटलेत. पेढे वाटून झाल्यावर विव्हळणं शोभत नाही. (एकदा ओरडलो, तर शेजारच्या शांताक्का धावत आल्या आणि "परत आला का हो?" असं, पाहुण्याची चौकशी करावी तसं विचारून गेल्या.) खांद्यावर कुणीतरी तापलेली इस्त्री ठेवून विसरून गेलं आहे, असं असतं. डॉक्टर म्हणतात, हे राहणार. तुंगा म्हणते, मग दुकान बंद करा. दुकान बंद केल्याने ती इस्त्री उचलली जाणार नाही. फक्त माझ्या हाताला काम उरणार नाही. हे तिला पटत नाही.

तर भजन. लोकांना ते आवडलं. ही बन्नूरकडची जुनी चाल असावी, असं मागे कुणी म्हणालं. आरती झाली, आणि शंभूराव मान तशीच धरून माझ्याकडे आले.

"अय्यो भुजंगराव, काय शिवलंय हो हे? मान वळेना."

"काढा मग."

"हात वर गेला तर काढीन ना!"

शर्ट डोक्यातून घालायचे, बटणं गळ्यापुरती. सगळी मंडळी देवळाच्या पडवीत अडकून बसली. वेंकटेशला मानेत आग होत होती, दुसऱ्या कुणाला काखेपासून बोटांपर्यंत मुंग्या. कुणाच्या बायकोने बाम आणला, पण तो लावायला शर्टाच्या आत जागा नव्हती. मला काही सांगावं लागलं नाही. माझं दुखणं ते आपसांत बरोबर सांगत होते. तुंगा दुकानातून ब्लेड घेऊन आली आणि शंभूरावांची कडेची शिवण उसवू लागली. तेव्हा ते म्हणाले, "तुम्हाला असंच असतं काय?"

"असंच."

"रोज?"

"रोज."

"साकु, स्वामी, साकु," ते म्हणाले. म्हणजे पुरे झालं. तुंगाचा हात थांबला होता. दोन वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मला हसू आलं आणि ते आवरेना, तेव्हा दोघांनी मला सावरून धरलं, नेमकं डाव्या बाजूने.

तुमचा,
भुजंगराव

ता.क. रविवारी तुम्ही शिलाई मशीन न्यायला टेम्पो आणणार, असं तुंगा सांगते. टेम्पो आणू नका. तुम्ही चाळीस नंबरचे आहात आणि तुमचे दोन्ही खांदे जागच्या जागी आहेत. शर्ट परत आले आहेत, ते पुन्हा बसवायला मला एक सरळ माणूस हवा. आठवडाभर या. जेवण, झोपणं आमच्याकडे. टाचणी लावताना हलायचं नाही.

ता.क. २ भुजंगरावांना आता फारसं दुखत नाही, असं वहिनींना सांगा. तुम्हाला म्हणून सांगतो, फार दुखतं.

ता.क. ३ पत्र पेटीत टाकायच्या आधी आज सकाळी तुम्हीच आलात, टेम्पो आजच मोकळा होता म्हणून. तुंगाने टेम्पोवाल्याला कॉफी दिली आणि रिकामा परत पाठवला. तुमची छाती चव्वेचाळीस भरली. तरी उभे राहा म्हणालो. उभे राहिलात.