पोरींना बसू देत नाहीत तोवर त्या दुकानाच्या मालाला सुई नाही

मी, खाली सही करणारी, वय त्रेपन्न, शाळा चौथीपर्यंत, धंदा कपड्यांचं फिटिंग करून देण्याचा, नवरा वारलेला, मूल नाही, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवते. सोमवारी माझं ऑपरेशन आहे. कोणी दबाव टाकलेला नाही. टाकायला आलेल्या धाकट्या दिराला दारातूनच परत पाठवलं.

कलम १. माझी शिवणखोली आणि मशीन माझ्या बहिणीच्या मुलीला द्यावी. कारण लिहिते, म्हणजे मागून कोणी डोकं खाणार नाही. भाची समोरच्या तयार कपड्यांच्या दुकानात होती. तिथे पोरींनी दहा तास उभंच राहायचं. पाय सुजले म्हणून ती गठ्ठ्यावर टेकली, तर मालकाने त्याच दिवशी काढली. मी गल्लीत सांगितलं, पोरींना बसायला मिळेपर्यंत त्या दुकानाची पायरी चढायची नाही.

सगळ्या हो म्हणाल्या. सगळ्यात मोठ्याने त्या, ज्यांनी तिथून कधी रुमालही घेतला नव्हता. कोण आत जातंय ते बघायला आम्ही वीसजणी दुकानासमोर उभ्या राहिलो. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, सेल लागलाय. त्या आठवड्यात मालकाला जादा माल मागवावा लागला.

मग मला अक्कल आली. त्याचा एकही कपडा कोणाला धड बसत नाही. बाही मी आखूड करते, कंबर मी आत घेते. मी त्याच्या मालाला सुई लावणं बंद केलं. महिनाभरात कपडे परत जायला लागले. मालक स्वतः आला.

"बाई, पाच स्टुलं आणलीत. फक्त गिऱ्हाईक असताना बसायचं नाही."

मी म्हटलं, "मग गिऱ्हाईक नसतानाच धंदा कर."

कलम २. दिराला यातलं काही नाही. तो ही खोली त्याच मालकाला फिटिंगसाठी द्यायला निघालाय, बोलणी झालीत. त्याला माझी जुनी कात्री द्यावी. तिला धार नाही, शोभून दिसेल.

कलम ३. जावेला ठरलेली भांडी वरच्या मजल्यावरच्या नर्सला द्यावीत. बहिष्कार चालू असताना जावेने त्याच दुकानातून मागच्या दाराने पडदे आणले. म्हणे, पडद्यांना फिटिंग लागत नाही.

कलम ४. भाचीला अट. गिऱ्हाईक समोर असतानाही पोरी बसतील, तोवर त्या मालाला हात लावायचा नाही. बसल्या की लगेच लावायचा, एक दिवस ताणायचं नाही. ती विचारते, "मावशी, त्याने माफी नको का मागायला?" नको. माफीवर कोणाला बसता येत नाही.

साक्षीदार:

१. कोपऱ्यावरचा औषधवाला. सही केली. सही वाचता येत नाही, पण त्याचीच आहे.

२. ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांच्यातली एक मला हवी होती. पाचजणींना विचारलं. चौघींना घरी कामं निघाली. काउंटरवरची थांबली. मी स्वच्छ सांगितलं, "दीर हा कागद मालकाला दाखवणार. तुझी नोकरी जाईल."

म्हणाली, "काकू, पेन द्या."

सही केली आहे.

माझी सही खाली केली आहे ती खरी. ठिकाण शिवणखोली. अकरा मार्च, गुरुवार.