कासवाची जागा परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. संचालिका,
पात्रे व आकर्षणे विभाग,
हॉलोवे वंडर पार्क,
ऑर्लँडो, फ्लोरिडा.

अर्जदार : वेंडेल ए. प्रुइट, वय ७२, शाळेच्या बसवरील निवृत्त ड्रायव्हर, राहणार हेन्स सिटी.

विषय : ‘धक्क्यावरचं कासव’ या चित्रपटातील ओबेड कासवाचा पुतळा मूळ जागी पुन्हा बसवण्याबाबत. ते न जमल्यास परिच्छेद ६ पाहावा.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे मागील महिन्यातील पत्र, ज्यात माझे आभार तीनदा मानले आहेत आणि विनंती एकदा फेटाळली आहे.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की,

१. मी आपल्या पार्कचा वार्षिक पासधारक आहे. आपल्याकडे राजकन्यांचे चार महाल आहेत, चाच्यांची होडी आहे, इतकेच काय, ज्या उंदरांच्या सिनेमाकडे चिटपाखरू फिरकले नाही त्याचीही राइड आहे. परंतु आपल्याच स्टुडिओने काढलेल्या आणि एके काळी आमचा अख्खा परगणा रडवणाऱ्या ओबेडच्या नावाने पार्कात साधा बिल्लासुद्धा मिळत नाही. तळ्याच्या पायऱ्यांजवळ त्याचा एक पुतळा होता, तोही तीन-चार उन्हाळ्यांपूर्वी उचलला गेला. त्या जागी आता लिंबू सरबताची गाडी आहे. सरबत चांगले असते, त्याबद्दल तक्रार नाही.

२. आपण पत्रात दिलेली कारणे मी नीट वाचली. पहिले कारण असे की, या चित्रपटाचा नायक सबंध वेळ एका जागी बसून राहतो, त्यामुळे त्याची राइड होऊ शकत नाही. हे खरे आहे. जहाजाने निघालेली मुलगी ओबेडला सांगते, “इथेच थांब,” आणि तो थांबतो. सिनेमा संपतो तेव्हाही तो धक्क्यावर थांबलेलाच असतो. मात्र आपल्या पार्कात लोक दिवसाचा बराचसा भाग रांगेत एका जागी उभे राहण्यातच घालवतात. ओबेडची राइड त्यांना घरच्यासारखी वाटेल, असे माझे नम्र मत आहे.

दुसरे कारण, शेवट दुःखाचा आहे आणि राइडमधून बाहेर पडणारा माणूस थेट दुकानात जायचा असतो. दुःखी माणूस खरेदी करत नाही, असे आपल्या कार्यालयाला कोणी सांगितले ते कळत नाही. माझी पत्नी मार्लीन गेली त्या आठवड्यात मी दोन टोस्टर आणले. मी टोस्ट खात नाही.

तिसरे कारण, हल्लीची मुले ओबेडला ओळखत नाहीत. मुले ओळखत नाहीत म्हणून पुतळा ठेवायचा नाही आणि पुतळा नाही म्हणून मुले ओळखणार नाहीत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

३. आता मूळ मुद्दा. मार्लीन, आमची मुलगी डीना आणि मी दर उन्हाळ्यात आपल्या पार्कात येत असू. फाटकातून आत आलो की टोपी घालायच्या आधी मार्लीन दोघांनाही नियम सांगायची : “जो हरवेल त्यानं ओबेडपाशी जाऊन बसायचं आणि जागचं हलायचं नाही. बाकीच्यांनी शोधत यायचं. सगळेच फिरत राहिलो तर जन्मभर चुकामूक होत राहील.” मी म्हणायचो, “मी कशाला हरवतोय?” ती म्हणायची, “तुलाच जास्त सांगतेय.”

डीना पुष्कळदा हरवली. त्यातली काही हरवणी मुद्दाम होती, कारण कासवाच्या पाठीवर बसायला तिला आवडे. आम्ही धापा टाकत पोचावे तर ही पाय हलवत बसलेली आणि वर आम्हालाच विचारणार, “एवढा वेळ कुठे होतात?”

४. मार्लीनच्या दफनानंतर डीनाने मला तिच्याकडे ओहायोला राहायला बोलावले. मी नको म्हणालो. ती म्हणाली, “डॅडी, तुला कुणाची गरजच नाही ना, मग राहा एकटा.” मी म्हणालो, “बरं.” खाण तशी माती, दोघांपैकी कोणीही नंतर फोन केला नाही. नाताळचे कार्ड परत आले, कारण तिने घर बदलले होते, फोन नंबरही. पुढे माझी मावसबहीण एलनोरा हिच्याकडून कळले की डीनाचे लग्न झाले आणि तिला मुलगी झाली. जावयाचे आडनाव विचारीन विचारीन म्हणेपर्यंत एलनोराही गेली. इंटरनेटवर शोधा, असे सगळे सांगतात. वाचनालयातल्या बाईंनी दोन दुपारी खर्चून शोधले. जुन्या आडनावाने काही सापडत नाही आणि नवे मला ठाऊक नाही. नातीचे नावही ठाऊक नाही.

ती आता सहा वर्षांची असावी. सहा वर्षांचे मूल ज्याच्या घरी आहे तो आज ना उद्या आपल्या पार्कात येतोच, असे आपल्याच जाहिरातीत म्हटले आहे. डीना आली की ती लेकीचा हात धरून आधी ओबेडकडे जाईल. तिथे तिला लिंबू सरबत मिळेल. महोदया, माझ्या मुलीला आणि मला दोघांनाही माहीत असलेला तेवढा एकच पत्ता उरला होता, आणि तो आपण हलवला.

५. म्हणून मी दर आठवड्याला बसने येतो आणि त्या गाडीजवळ उभा राहतो. गाडीवरचे हर्लान हे माझ्याच वयाचे गृहस्थ आहेत. ते म्हणतात, “वेंडेल, तू असं तोंड करून उभा राहिलास ना, की लोकांना वाटतं सरबत प्यायल्यानंच याचं असं झालंय.” त्यांनी मला स्वतःचे स्टूल दिले होते. आपल्या पर्यवेक्षकांनी ते केवळ कर्मचाऱ्यांसाठी असल्याचे सांगून परत घेतले. ते नियमाला धरूनच झाले, मात्र माझे गुडघे नियमाला धरून वागत नाहीत.

गेल्या महिन्यात मी आपल्या हरवलेल्या मुलांच्या खिडकीवर गेलो. तिथे यारित्सा नावाची तरुणी होती. तिने विचारले, “मुलीचं वय किती?” मी त्रेचाळीस सांगितले. ती हसली नाही, याची कृपया तिच्या सेवेत नोंद घ्यावी. म्हणाली, “मिस्टर प्रुइट, आमच्याकडे दहाच्या आतलीच घेतात हो.” तरी तिने पुढचे विचारलेच, की शेवटची कुठे दिसली. मी म्हणालो, कबरस्तानाच्या पार्किंगमध्ये. अंगावर काय होते? काळा कोट. मग ती म्हणाली, “पण त्या तर आपल्या घरी, आपल्या माणसांत असतील ना? मग हरवलंय कोण?”

मी तिचे आभार मानून परत गाडीपाशी जाऊन उभा राहिलो.

६. सबब विनंती की, ओबेडचा पुतळा मूळ जागी बसवावा. तो मोडीत निघाला असल्यास सरबताच्या गाडीवर निदान कासवाचे चित्र काढू द्यावे. हर्लान यांची हरकत नाही, त्यांची नात रंगवून देईल. तेही धोरणात बसत नसल्यास, ओबेडचा पोशाख आपल्या कोठारात अजून आहे असे ऐकतो. तो मला घालू द्यावा. मला पगार नको. पोशाखातल्या माणसाने एक शब्दही बोलायचा नाही, हा आपला नियम मला जड जाणार नाही. घरी माझे दिवसच्या दिवस तसेच जातात. उकाड्याची मला भीती नाही. मला संध्याकाळची भीती वाटते, पार्क रिकामे होऊ लागते आणि प्रत्येकाचा हात कोणी ना कोणी धरलेला असतो तेव्हाची. मला फार एकटे वाटते. अर्जात असे लिहीत नाहीत हे मला ठाऊक आहे, पण दुसरे कोणाला लिहू तेही मला ठाऊक नाही.

७. हा अर्ज लिहिता लिहिता यारित्साच्या प्रश्नाचा मी पुन्हा विचार केला. डीनाला घर आहे, नवरा आहे, मूल आहे. ती कुठे आहे हे तिला पक्के ठाऊक आहे. मार्लीनचा नियम मी इतके दिवस उलटा धरून बसलो होतो. कासवापाशी शोधणाऱ्याने थांबायचे नसते, हरवलेल्याने थांबायचे असते.

तरी वरील सर्व मागण्या नामंजूर झाल्यास माझी हरकत नाही. फक्त हरवलेल्यांच्या खिडकीवर माझी एक नोंद व्हावी. वयाची अट शिथिल करावी. नाव वेंडेल. ‘डॅडी’ म्हटल्यास ओ देतो. अंगावर खाकी पँट आणि निळी टोपी, ती मी बदलणार नाही. ठिकाण, सरबताच्या गाडीची डावी बाजू, जिथे सिमेंटमध्ये पुतळ्याचे बोल्ट अजून दिसतात. एखादी बाई लहान मुलीला घेऊन आली आणि “इथलं कासव कुठे गेलं?” असे विचारू लागली, तर तिला एवढेच सांगावे की ते गेले, पण त्याच्याजवळ ज्याने थांबायचे तो जागचा हललेला नाही.

कळावे. उत्तर घरच्या पत्त्यावर न पाठवता गाडीवर हर्लान यांच्याकडे द्यावे, म्हणजे मला लवकर मिळेल.

आपला नम्र आणि जागेवरच असलेला,
वेंडेल ए. प्रुइट
दिनांक : ३ जून

सोबत : फोटो एक. कासवाच्या पाठीवर बसलेली मुलगी डीना. फोटो ती हरवली तेव्हाचा नाही, सापडल्यानंतरचा आहे.