कोळशाचं पोट

३ डिसेंबर
जिंकले! अळनावरपलीकडच्या वाडीत पाऊण तास बोलले. बोअरच्या पाण्यात शिसं आहे, पोरांच्या रक्तात उतरलंय. वेदश्रीनं — माझी जुनी विद्यार्थिनी — दोन वर्षं शेंगांची टरफलं, बाभळीची साल, काय काय जाळून पाहिलं. शेवटी भाताच्या तुसाचा कोळसा साधला. तो शिसं धरून ठेवतो. टाकीत त्याचा थर द्या, पाणी गाळा, एवढंच!
पुंडलिकअप्पा उठले. "कोळसा शिसं खाईल. मग कोळशाचं पोट कोण साफ करणार री, बाई?"
"अप्पा, आधी आपलं बघा!" हशा. आणि मी चिमूटभर कोळसा सगळ्यांदेखत खाल्ला. टाळ्या थांबेनात.
परतताना वेदश्री केलगेरी तळ्याशी म्हणाली, "मॅडम, तो कोरा होता. वापरलेला पोटात गेला तर तिथल्या आम्लात शिसं सुटतं. हे सांगायला हवं होतं."
सांगितलं असतं तर टाकी बसली असती?

११ जानेवारी
गाळलेल्या पाण्यात शिसं जवळजवळ नाहीच! पहिला कोळसा बदलला. जुना पोत्यांत, पंपाच्या खोलीत. किल्ली शेवंताक्काकडे. बचत गट तीच चालवते, शब्दाची पक्की.

१८ फेब्रुवारी
वेदश्रीचा फोन — सहापैकी चार पोती नाहीत. शेवंताक्काला विचारलं.
"वाया कशाला घालवायचा, बाई? कामाला लावलाय. याल तेव्हा दाखवते!"
कुठल्या कामाला? हुबळीच्या व्याख्यानाची घाई होती. विचारायचं राहिलं.

२६ मार्च
रक्ताचे अहवाल. पोरांचं शिसं आधीच्या दुप्पट! वाडीतल्या यमुनाची मुलगी पोट आवळून बसते, शाळेत जात नाही. वेदश्रीनं पाणी तीनदा तपासलं. "पाण्यात काही नाही, मॅडम."
मग कुठून? चार पोती डोळ्यांसमोरून हलत नाहीत. उद्या वाडी.

२७ मार्च
शेवंताक्कानं हातात डबी ठेवली. राखुंडी. जुना कोळसा कुटून, मीठ-लवंग घालून. "गटाचा नवा धंदा! तुम्हीच खाऊन दाखवलात की, बाई!" शाळेत सगळी पोरं रोज तिनंच दात घासतात. चारशे डब्या आसपासच्या गावांत गेल्या.
झाकणावर माझा फोटो. सभेतला. चिमूट ओठांशी.