मूळ प्रत जोडावी

आदर्श नगर, जयपूर
रविवार

आदरणीय कलावतीताईंना उमाकांतचा साष्टांग नमस्कार. (कंबर साथ देत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात वाकणं होत नाही, कागदावर मात्र पूर्ण आडवा पडलो आहे असं समजावं.) तुमचा गुडघा मिरजेच्या नव्या डॉक्टरांनी बरा केला, की जुन्यांनी बिघडवला तसाच आहे, ते कळवावं. इकडे सर्व खुशाल. पत्राच्या सुरुवातीला असंच लिहितात म्हणून लिहिलं, पुढे वाचा.

येत्या आषाढात सुनंदाला जाऊन वर्ष होईल. मुलं येणार म्हणून नात अवनीने एक टूम काढली. आमच्या स्वयंपाकघराच्या दारावर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे (होती), 'गॅस बंद केलात का?' मी दूध जाळून ओट्यामागची भिंत काळी केली, त्या दिवशी तुमच्या बहिणीने ती बॉलपेनने दोनदोनदा गिरवून लिहिली. आजीच्या अक्षरातलं हे वाक्य टी-शर्टवर छापून सगळ्यांना देऊ, असं अवनीचं म्हणणं. (श्राद्धाला टी-शर्ट हे गुरुजींना कुणी सांगायचं, हा पुढचा प्रश्न.) राजा पार्कातला छापणारा पन्नास नगांखाली बोलायलाच तयार नाही आणि आम्ही माणसं सहा, म्हणून घरीच स्वस्तात उरकायचं ठरलं. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या पवन नावाच्या दुकानदाराने जाळीची चौकट, रंग आणि एक हिरवा लेप दिला. लेप जाळीला फासून अंधारात वाळवायचा, त्यावर अक्षरांचा कागद तेलाने पारदर्शक करून ठेवायचा आणि उन्हात धरायचं. ऊन लागेल तिथे लेप घट्ट होतो, अक्षरांखालचा पाण्याने निघून जातो, आणि तिथून रंग कापडावर उतरतो. एकदम सोपं आहे, असं पवन म्हणाला. तो दुकानात बसून सांगत होता.

रविवारी चिठ्ठीची ठळक झेरॉक्स काढून आणते, तोवर हात लावू नका, असं अवनीने बजावलं होतं. पण ताई, मी चौतीस वर्षं विम्याच्या कचेरीत दावे तपासले. झेरॉक्स जोडलेले किती अर्ज 'मूळ प्रत जोडावी' असा शेरा मारून परत पाठवले याला गणती नाही; त्यात नवरा गेलेल्या बायकांचेही होते. (त्यांच्यातल्याच कुणाचे तळतळाट लागले असावेत.) शुक्रवारी अवनी कॉलेजात गेल्यावर मी चिठ्ठी अलगद सोडवली आणि तिलाच तेल लावलं. तेल शेंगदाण्याचंच, मोहरीचं सुनंदाने बावीस वर्षांत इथल्या घरात शिरू दिलं नाही. शिवाय शिक्का उलटा असतो तेव्हाच सुलटा उठतो, हे कचेरीतलं ज्ञान वापरून चौकटीत वरून पाहताना अक्षरं उलटी दिसतील अशी चिठ्ठी बसवली. ही जाळी शिक्क्यासारखी नसून रांगोळीच्या छापासारखी असते, वरून दिसतं तसंच खाली पडतं, हे सुनंदाने भाजी चिरता चिरता सांगितलं असतं.

गच्चीवर मिनिटं मोजत उभा होतो, तर मध्येच आठवलं की खाली दूध गॅसवर आहे. धावलो (म्हणजे कठडा धरून जिना उतरलो). दूध गेलंच होतं. ओटा पुसून वर येईपर्यंत जयपूरच्या उन्हाने लेप पार भाजून काढला होता. चिठ्ठी त्याला चिकटली होती, शाई तेलात पसरली होती, सोडवायला गेलो तर तुकडेच हातात आले. अक्षरं धुऊन निघेनात म्हणून भांड्यांच्या ब्रशने घासली, तेव्हा 'बंद केलात का' कसंबसं मोकळं झालं आणि 'गॅस'च्या जागी जाळीला भोक पडलं. उरलं त्याचा एक टी-शर्ट छापला, तोही उलटा.

अवनी आली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तुकडे तळहातावर घेऊन म्हणाली, "आजोबा, आजी पुसली गेली. मतलब, तिचं लिहिलेलं." तिचं मराठी मी एरवी दुरुस्त करतो. या वेळी दुरुस्त करायला काही सापडलं नाही, आणि मला रडू आलं.

टी-शर्ट मीच घालतो. दाढी करताना आरशात सुलटं वाचता येतं, 'बंद केलात का?' काय, ते नाही. मग नळ, दिवे, कडी, सगळं एकदा बघून येतो.

गुडघ्याला जपावं.

आपला,
उमाकांत

ता. क. घरात तिचं दुसरं अक्षर नाही. सामानाच्या याद्या ती लिहायची आणि सामान आणलं की मी फेकायचो. तुम्हाला मात्र ती पत्रं लिहीत असे. त्यात 'गॅस' हा शब्द असणारच (सिलिंडर वेळेवर येत नाही ही तिची कायमची तक्रार). तेवढं एक पत्र शोधावं.

आणखी एक ता. क. 'गॅस' नसला तरी चालेल. ती माझं नाव लिहीत नसे, 'हे' म्हणून लिहायची. 'हे' कुठे दिसतं ते बघा, आणि त्यापुढे जे असेल ते, वाईट असलं तरी, खोडू नका. मी तिला कधी विचारलं नाही. मूळ प्रत माझ्या हाती देऊ नका. झेरॉक्स चालेल.