आई फोनवर का येत नाही

माधवनगर,
बुधवार, २४ जुलै २०२४

चि. सौ. भाग्यश्री हिस जय जिनेंद्र.

आम्ही दोघं बरे आहोत. तुम्ही सगळे साताऱ्यात बरे असाल असं धरून चालतो. पाऊस लागून आहे. कृष्णेचं पाणी वाढलंय म्हणून लोक सांगतात, पण आपल्याकडे भीती नाही. बुधगावच्या शिवारातला ऊस उभा आहे. आईची रक्तदाबाची गोळी चालू आहे. माझा गुडघा आहे तसाच आहे.

माझं पत्र बघून तुला धसका बसेल. बसू देऊ नकोस. तुझ्या लग्नानंतर घरातून जी पत्रं आली ती सगळी आईनं लिहिली, मी खाली नुसती सही केली. मी सातवी नापास आणि ती जुनी अकरावी, त्यामुळं ते तसंच बरं दिसायचं. अक्षर लागलं नाही तर सावकाश वाच. घाईत वाचू नकोस, आणि जावईबापूंना दाखवायच्या आधी एकटी वाच.

पहिलं म्हणजे आई तुझ्यावर रागावलेली नाही. तीन रविवार ती फोनवर आली नाही. मी एकदा देवळात गेलीय म्हणालो, एकदा झोपलीय, एकदा रेंज नाही. तिन्ही वेळेला ती माझ्या शेजारी बसली होती. तू मेसेजवर विचारलंस, "अण्णा, आई त्या पुस्तकावरून चिडली का?" मी दोन दिवस मोबाइल हातात धरून बसलो. शेवटी हा कागद घेतला.

त्या पुस्तकावरून झालं हे खरं आहे. दोन जावा आणि एका विहिरीची ती कादंबरी. आईनं तुला शेवट सांगितला, की दोघी जावा अखेरीस एकाच विहिरीवर पाणी भरायला लागतात. तू हसलीस आणि म्हणालीस, "आई, मी कालच संपवलंय ते. ते विहीर बुजवतात की. मला बनवतीस व्हय?" आणि मग हळू आवाजात म्हणालीस, "वाचलं नसलं तर नाही म्हण की." फोनचा आवाज मोठा असतो, मला सगळं ऐकू आलं. आईनं फोन माझ्या हातात दिला आणि परसात गेली.

तिनं ते पुस्तक वाचलं नव्हतं. तिनं जानेवारीपासून एकही पुस्तक वाचलेलं नाही. तिला वाचता येत नाही.

आता लिहिलं एकदाचं.

तिला दिसतं. सुई ओवता येते, तांदळातला खडा दिसतो. बोलते पहिल्यासारखी, माणसं ओळखते. उजव्या अंगाचं थोडं कमी दिसतं, म्हणून दाराच्या चौकटीला खांदा लागतो. मे महिन्यात गावातल्या लग्नाला आलीस तेव्हा तू तिच्या खांद्यावरचा काळा डाग बघून विचारलं होतंस, तो त्याचाच. पण अक्षर लागत नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूच्या मागच्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली, तिथलं वाचायचं तेवढं गेलं. गंमत म्हणजे तिला लिहिता येतं. सांगितलं तर पूर्ण ओळ लिहिते, अक्षर तेच, वळणदार. आणि लिहून झालं की स्वतःचीच ओळ तिला वाचता येत नाही. डॉक्टरांनी माझ्यासमोर दोनदा करून बघितलं. दुसऱ्या वेळेला ती म्हणाली, "डॉक्टर, पुरे करा." त्रास सुरू झाल्यावर तीन दिवसांनी आम्ही मिरजेला गेलो होतो. तुला डोळ्याला दाखवायला गेलो असं सांगितलं, ते खोटं होतं.

तुला कळवायचं नाही असं तिनं ठरवलं. मी म्हणालो, "अगं, पोटची लेक हाय." ती म्हणाली, "आवं, ती रविवारी फोन करती ती 'आई, सध्या काय वाचतीस' ह्यासाठी. ते गेलं की काय उरतंय? जेवलीस का, गोळी घेतलीस का. म्हाताऱ्या आयांना समदी हेच इचारत्यात. मला न्हाई तसलं व्हायचं." नुसतं सांगून थांबली नाही. बस्तीत नेऊन भगवंतांच्या मूर्तीसमोर मला नेम घ्यायला लावला, की भाग्यश्रीला तोंडानं सांगणार नाही. मी घेतला. तोंडानं सांगितलं नाही, हातानं लिहितोय, अशी पळवाट मी काढली आहे. नेम मोडलाच आहे, मला कळतं. कुणाला विचारायची सोय नाही.

मग आमचं असं सुरू झालं. सोमवारी वाचनालयातून पुस्तक आणायचं. सकाळी चहा झाला की मी मोठ्यानं वाचायचं, ती ऐकायची. माझं वाचणं तुला ठाऊक आहे, ओळीखाली बोट धरल्याशिवाय जमत नाही. जोडाक्षर आलं की मी अडतो. ती दम धरते, मग पुढचा शब्द अंदाजानं सांगते, आणि बहुतेक वेळा तोच असतो. दिवसाला वीस-बावीस पानं व्हायची. शनिवारी ती मला सगळी गोष्ट परत सांगून बघायची आणि रविवारी तुला सांगायची. तू म्हणायचीस, "आई, तुझ्यासारखं पुस्तक कुणी सांगत नाही." फोन ठेवला की ती दिवसभर बरी असायची. भाकरी करताना गुणगुणायची.

पण पुस्तक जाड असलं की मी कमी पडायचो. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, तेही तुला सांगितलेलं नाही. विहिरीच्या कादंबरीत शनिवारपर्यंत दोनशे बारा पानं झाली आणि अठ्ठेचाळीस राहिली. मी म्हणालो, "अर्धंच झालंय म्हणून सांग." ती म्हणाली, "मागच्या रविवारी बी अर्धंच होतं." तो शेवट तिनं स्वतः रचला. मला तो चांगला वाटला होता.

बाहेर कुणाला कळू नये म्हणूनही फार करावं लागलं. आपलं वाचनालय बघणाऱ्या बाळासोनं तिथं दाराशी फळा लावलाय, सध्या कोण काय वाचतंय ते त्यावर लिहायचं. नाव, पुढं पुस्तक. बाळासो त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकतो, तोच तू साताऱ्यात बघतेस. आईचं नाव वर्षानुवर्षं फळ्यावर आहे. ते पुसलं गेलं की लोक विचारणार. म्हणून दर सोमवारी मी तिथं जाऊन तिच्या नावापुढं नवीन पुस्तक लिहितो. एकदा कपाट बंद व्हायच्या वेळेला पोचलो, हाताला लागलं ते उचललं आणि तसंच फळ्यावर उतरवलं. ते शेळीपालनाचं निघालं. तू ग्रुपवर हसण्याची चित्रं टाकून विचारलंस, "आई, शेळ्या घेतेस काय?" बाळासो तर म्हणाला, "अण्णा, काकूंना सांगा, बोकड मोठा झाला की मला सांगा." आपण जैन माणसं, वर हे ऐकून घ्यायचं. आई मात्र लय हसली. जानेवारीनंतर तेवढं एकदाच हसली.

संध्याकाळी ती कट्ट्यावर पुस्तक घेऊन बसते. येणारे-जाणारे बघतात. ती पान उलटते, बरोबर वेळ धरून. मी आतून बघतो. एवढं बघून मला आत थांबवत नाही, आणि बाहेर जाऊन काय करायचं तेही कळत नाही.

मोबाइलवर पुस्तकं ऐकायला मिळतात म्हणे. ती लावायची कशी हे विचारायचं तर कारण सांगावं लागेल, म्हणून विचारलं नाही. विहिरीच्या शेवटावरून झालं त्या रविवारनंतर ती मला वाचूही देत नाही. मी पुस्तक उघडलं की म्हणते, "ऱ्हाऊ द्या. कुणाला सांगायचंय?" तरी सोमवारी मी फळ्यावर पुस्तकाचं नाव लिहून येतो. उगीच.

हे लिहिताना ती समोरच बसली आहे, शेंगा फोडते आहे. मी भर उजेडात, तिच्यापासून दोन हातांवर, तिच्यावरच लिहितोय आणि मला कागद झाकावा लागत नाही. मघाशी तिनं विचारलं, "काय लिवताय?" मी म्हणालो, "सोसायटीचा अर्ज." बरं म्हणाली.

वर मी तीन दिवसांनी मिरजेला गेलो असं लिहिलं. ते तीन दिवस कुठं गेले ते लिहिलं नाही. लिहितो.

नऊ जानेवारीला सकाळी ऊसतोडीची टोळी आली. महिनाभर त्यांच्यामागं फिरत होतो. आली त्या दिवशी घेतली नाही तर दुसऱ्याच्या फडात जाते आणि ऊस वाळतो. मी डोक्याला टापर बांधून निघालो होतो. आई पेपर घेऊन बसली होती. तिनं हाक मारली, "आवं, ह्यो पेपर कुठल्या भाषेतला हाय?" मी न बघताच म्हणालो, "कानडी टाकला असंल. मिरजेत दोन्ही गठ्ठे एकात येत्यात." मागं एकदा तसं झालं होतं. ती म्हणाली, "तसंच असंल." मी गेलो.

संध्याकाळी आलो तर पेपर खुर्चीवर होता. उचलला. मराठीच होता. तिला विचारलं, डोकं दुखतंय का? थोडं दुखतंय म्हणाली. मी म्हणालो, चष्म्याचा नंबर वाढला असंल, तोड झाली की जाऊ. अजून दोन दिवसांची तोड होती. डॉक्टर नंतर म्हणाले, पहिल्या काही तासांत आणलं असतं तर कदाचित उपयोग झाला असता. कदाचित म्हणाले. मी तो शब्द रोज धरून बसतो, कधी एका बाजूनं, कधी दुसऱ्या. पेपर मराठी आहे हे डोळ्यांनी बघून मी दुसऱ्या दिवशी उसाची गाडी भरायला गेलो.

हे मी तिला कधी बोललो नाही. तिनंही कधी विचारलं नाही.

इथं मी पत्र संपवणार होतो. पण मधे थोडं झालं ते लिहितो.

शेंगांची परात बाजूला सारून ती म्हणाली, "सोसायटीचा अर्ज चार पानांचा नसतो. भाग्यश्रीला लिवताय न्हवं?" तिनं कागद मागून घेतले, एकेक करून बघितले, नीट जुळवले आणि परत दिले. "वाचून दावा," म्हणाली.

नेम मोडला म्हणून ती बोलेल असं वाटलं. बोलली नाही. मी पहिल्यापासून वाचलं, फळा, शेळ्या, सगळं. ऊसतोडीचं आलं तेव्हा मात्र मी ते गाळलं आणि पुढं काहीतरी मनचं जोडून संपवलं. तिला कळणार नाही हे मला ठाऊक होतं.

तिनं शेंगांची परात परत पुढं ओढली. मग म्हणाली, "तोडीचं न्हाई लिवलं?"

मी म्हणालो, "लिवलंय."

"मग तेवढं वाचा."

वाचलं. बोट धरून, अडखळत. गाडी भरायला गेलो या ओळीपर्यंत आलो आणि थांबलो. तिनं ती ओळ परत वाचायला सांगितली. मी परत वाचली. त्याला आता तासभर झाला. ती चुलीपाशी आहे, आणि अजून काही बोललेली नाही.

पत्र उद्या पोस्टात टाकतो. रविवारच्या आत तुला मिळेल असं पोस्टमन म्हणतो. तू फोन कर. ती घेईल का, घेतला तर तू काय विचारायचं, हे मला सांगता येत नाही. मी कधीच काही सांगू शकलो नाही.

आईचे आशीर्वाद. माझं नुसतं नाव लिहितो.

बाळगोंडा