शेजारच्या तंबूतून आलेला गुच्छ

बाळ कियूमर्स,

तुझ्या म्हातारीचे पोटभर आशीर्वाद. आम्ही तिघी खुशाल आहोत, माझे गुडघेसुद्धा. डोंगरात गारवा आहे, झरा जवळ आहे, रानडुकरं पाव पळवतात एवढंच. तू दुकानात नुसत्या दह्यावर दिवस काढू नकोस.

एक विचारते. अख्खं राष्ट्रीय उद्यान सोडून तुझ्या बायकोने, फरंगीसने, हा आडवळणाचा कोपरा का धरला? इथे आमच्याशिवाय एकच तंबू आहे. त्यातली तूरान खानम काल ‘सहज’ चहाला आली. सोबत चकचकीत बूट घातलेला मुलगा, मिठाईचा डबा आणि फुलांचा गुच्छ! जंगलात शेजारणीकडे गुच्छ घेऊन कोण जातं रे? आणि फरंगीसने सकाळीच तुमच्या लेकीला, गोलनारला, डोक्याला नवा रुमाल कशाला बांधायला लावला?

बाई म्हणाली, “चहा गोलनारजानच्याच हातचा पिऊ की!”

पोरगी पांढरीफटक पडली. तिने चहाचं तबक आणलं की मुलगी दाखवली, हे तुला सांगायला नको. तिला मशहदला शिकायला पाठवायचा शब्द तूच दिला होतास.

तबक मी उचललं. मुलापुढे धरलं नि म्हटलं, “घ्या राजे. पसंत पडले तर मी तयार आहे, आईला विचारून घ्या.”

फरंगीस माझ्याशी बोलत नाही. जेवायला मात्र वाढते.

आता खरं सांग, तुला हे ठाऊक होतं का? नसेल, तर शुक्रवारी पोरीला न्यायला ये. असेल, तर येऊ नकोस. मशहदच्या बसमध्ये तिला मी बसवून देईन.

तुझीच,
आई